परका डीएनए पेशीला कळतो कसा?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सगळ्या सजीवांचा डीएनए त्याच चार घटकांचा बनलेला असतो, असे मी वर्गात सांगितले. तेव्हा एका मुलीने विचारले, ‘मग विषाणूचा डीएनए आपल्या पेशीत शिरला, तर तो आपला नाही हे पेशीला कोण सांगतं?’ २०२४ चा लास्कर पुरस्कार अशाच एका एन्झाइमच्या शोधाला मिळाल्याचे वाचले होते, पण उलगडा झाला नाही. शिवाय रोगजंतू ओळखण्याचे काम पांढऱ्या पेशींचे ना? आणि रोज भाजी-भाकरीतून आपण एवढा परका डीएनए खातो, त्याचे काय? असले एन्झाइम फक्त माणसातच असते का?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : तुमच्या विद्यार्थिनीला माझी शाबासकी कळवा. तिला वर्गात बसल्या बसल्या पडलेल्या या प्रश्नाने जीवशास्त्रज्ञांना कित्येक वर्षे अडवून धरले होते.

आधी कोडे नीट मांडून घेऊ. कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू एकच, आणि त्याचा डीएनए सुमारे सव्वा लाख अक्षरजोड्यांचा. आपल्या एका पेशीतला डीएनए सहाशे कोटी अक्षरजोड्यांच्या घरातला. उलगडून सरळ केला तर दोन मीटर भरेल. दोन्हींचे रसायन तेच. तीच साखर, तेच फॉस्फेट, तीच चार अक्षरे. सहाशे कोटींच्या शेजारी ही सव्वा लाख परकी अक्षरे येऊन पडली, तर ती निवडायची कशी?

पटकन सुचणारे उत्तर असे की पेशी तो मजकूर वाचत असेल आणि स्वतःच्या मजकुराशी ताडून पाहत असेल. जीवाणूंकडे क्रिस्पर नावाची मजकूर ताडून पाहणारी सोय आहे खरी. आपल्या पेशी मात्र त्या वाटेने जात नाहीत. त्या मजकूर बघतच नाहीत, जागा बघतात.

आपल्या पेशीचा जवळजवळ सगळा डीएनए केंद्रकाच्या आवरणाआड असतो, आणि थोडासा तंतुकणिकांच्या आत. बाहेरच्या पेशीद्रव्यात डीएनए उघडा पडलेला नसतो. बैल गोठ्यात दिसला तर कुणी वळूनही पाहत नाही, पण तोच माजघरात शिरला तर घरभर ओरडा होतो, आणि बैल आपला की शेजाऱ्याचा हे पाहण्याआधी होतो. पेशीचेही तसेच आहे. पेशीद्रव्यात उघडा डीएनए दिसला की काहीतरी बिघडले आहे, एवढे तिला पुरते. विषाणू आत शिरला असेल, जीवाणू आत फुटला असेल, किंवा आपलेच केंद्रक फाटले असेल. कारण कोणतेही असो, इशारा एकच.

हा डीएनए पकडणाऱ्या एन्झाइमचे, म्हणजे शालेय पुस्तकाच्या भाषेत विकराचे, नाव सीगॅस. ते शोधणारे झिजियन चेन हे मूळचे चीनच्या फुजियान प्रांतातले. अमेरिकेत बफेलो येथे त्यांनी डॉक्टरेट केली आणि १९९७ पासून ते डॅलसच्या टेक्सास विद्यापीठाच्या साउथवेस्टर्न वैद्यकीय केंद्रात आहेत. तुम्ही वाचलेला २०२४ चा लास्कर पुरस्कार त्यांचाच.

पांढऱ्या पेशींचा प्रश्न इथेच सोडवून टाकू, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. प्रतिकारशक्ती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडे येतात. ते खरेच आहे, पण तो नंतरचा भाग. एखाद्या नव्या रोगजंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार व्हायला दिवस लागतात. विषाणू तोवर थांबत नाही. तो त्वचेच्या, फुप्फुसाच्या, यकृताच्या साध्या पेशीत शिरतो, आणि पहिली सूचना द्यावी लागते त्याच पेशीला. ही सोय काही तासांत कामाला लागते आणि ती आपल्याला जन्मतःच मिळालेली असते. सगळ्या प्रकारच्या पेशींत ती सारख्या जोमाची नसते, पण ती पांढऱ्या पेशींची मक्तेदारी नाही.

या सूचनेचा माग १९५७ मध्ये लंडनला लागला. अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांना असे दिसले की विषाणूची बाधा झालेल्या पेशी एक पदार्थ बाहेर सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या पेशी विषाणूला दाद देईनाशा होतात. त्या पदार्थाचे नाव इंटरफेरॉन. पेशी तो सोडते कशामुळे, याचा विचार करताना परक्या न्यूक्लिइक आम्लावर, म्हणजे डीएनए-आरएनएवर, आयझॅक्स यांचा संशय गेला आणि १९६३ मध्ये त्यांनी तो लिहूनही ठेवला. अंदाज बरोबर होता, पण डीएनएला पेशीत हात लावतो कोण, हे कळायला आणखी अर्धशतक जावे लागले.

मधल्या काळात एक उत्तर सापडल्यासारखे वाटले. २००० मध्ये जपानच्या शिझुओ आकिरा यांच्या गटाने टीएलआर-९ हा जीवाणूंचा डीएनए ओळखणारा ग्राहक शोधून काढला. परंतु तो बसतो पेशीने बाहेरून गिळलेल्या मालाच्या पिशवीत, आणि तोही थोड्याच प्रकारच्या पेशींत. पेशीद्रव्यात थेट उतरलेला डीएनए त्याला दिसत नाही. २००६ मध्ये प्रयोगांनी स्पष्ट झाले की टीएलआर-९ नसतानाही पेशीद्रव्यातल्या डीएनएमुळे इंटरफेरॉन तयार होते. म्हणजे दुसरे कुणीतरी होते. २००८ मध्ये मायामीच्या ग्लेन बार्बर यांनी स्टिंग नावाचे प्रथिन दाखवले. ते आंतर्द्रव्यजालिकेत बसलेले असते आणि ते काढून टाकले तर डीएनएचा इशारा पुढे जातच नाही. मग कोडे असे उरले की डीएनए पेशीद्रव्यात आणि स्टिंग जालिकेच्या पडद्यात, तर या दोघांच्या मधे निरोप कोण नेतो?

इथे चेन यांनी जो प्रयोग रचला तो मला फार आवडतो, कारण तो नववीच्या वर्गातही समजावून सांगता येतो. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या लिजुन सुन, जियाशी वू आणि इतर सहकाऱ्यांनी उंदराच्या अशा पेशी घेतल्या की ज्यांत स्टिंग जवळपास बंद केले होते. त्यामुळे निरोपाची साखळी स्टिंगच्या अलीकडेच थांबणार होती. त्या पेशींत डीएनए घातला, पेशी फोडून रस काढला आणि तो ९५ अंश सेल्सियसला तापवला. एवढ्या उष्णतेत बहुतेक प्रथिने साकळून खाली बसतात. वरचा निवळ रस मग दुसऱ्या, धडधाकट स्टिंग असलेल्या पेशींत सोडला. त्यांच्या आवरणाला त्यासाठी आधीच बारीक छिद्रे पाडली होती. आणि त्या पेशींत इशारा पोहोचला.

आता काय काय शक्य उरले, ते मुलांना विचारून पाहा. रसात राहिलेल्या डीएनएनेच हे केले असेल का? डीएनए कापणारे एन्झाइम घालून पाहिले, इशारा तसाच. एखादे चिवट प्रथिन असेल का? प्रथिने पचवणारे एन्झाइम घातले, तरी इशारा तसाच. म्हणजे निरोप नेणारा हा प्रथिनही नव्हता आणि डीएनएही नव्हता. तो उष्णतेला न जुमानणारा एक लहानसा रेणू होता. रेणूंचे वजन काटेकोर मोजणाऱ्या यंत्राने त्याची ओळख पटली. एटीपी आणि जीटीपी हे पेशीत नेहमी वापरात असलेले दोन रेणू जोडून केलेले ते एक छोटे कडे होते, सीगॅम्प. असले कडे जीवाणूंमध्ये माहीत होते. प्राण्यांच्या पेशीत ते पहिल्यांदाच सापडले.

कडे सापडले, तर ते घडवणारे एन्झाइमही असणारच. त्यासाठी पेशीरसाचे रासायनिक पद्धतीने भाग पाडायचे, कडे घडवण्याची क्षमता कोणत्या भागात गेली ते तपासायचे, त्या भागाचे पुन्हा भाग पाडायचे, असे चालू राहिले. एन्झाइम इतके थोडे होते की ते एकटे वेगळे काढणे जमेना. तेव्हा तीन वेगवेगळ्या वाटांनी रस गाळला आणि तिन्ही वाटांवर या क्षमतेबरोबर हटकून सापडणारी प्रथिने कोणती, ते पाहिले. त्यांतले एक तोवर कुणाच्या खिजगणतीतही नव्हते. माणसाच्या सहाव्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकाला नावाऐवजी नुसता अनुक्रमांक होता. तेच सीगॅस. २०१३ च्या सुरुवातीला ‘सायन्स’ नियतकालिकात कडे आणि एन्झाइम यांच्यावरचे दोन शोधनिबंध शेजारी शेजारी छापून आले.

सीगॅस डीएनएच्या अक्षरांना धरत नाही. साखर आणि फॉस्फेटच्या कण्याला धरते, आणि कणा सगळ्यांचा सारखाच. म्हणून प्रयोगशाळांत या कामासाठी हेरिंग माशाचा डीएनए सर्रास वापरतात आणि माणसाच्या पेशीतले सीगॅस त्यालाही तितकीच दाद देते. तुकडा फार आखूड असून चालत नाही, एवढीच अट. माणसाच्या सीगॅसला साधारण ४५ जोड्यांहून लांब तुकडा लागतो. असा तुकडा हाताला लागला की एन्झाइमचा आकार बदलतो आणि ते कडी घडवू लागते.

पुढची साखळी चटकन सांगतो. कडे स्टिंगला जाऊन चिकटते, स्टिंगचा आकार बदलतो आणि ते जालिका सोडून गॉल्गी पिंडाकडे सरकते. तिथे टीबीके-१ हे एन्झाइम त्याला येऊन मिळते आणि आयआरएफ-३ या प्रथिनाला फॉस्फेट जोडते. आयआरएफ-३ केंद्रकात जाते, इंटरफेरॉनचे जनुक चालू होते, इंटरफेरॉन पेशीबाहेर पडते. साखळीच्या सुरुवातीलाच एन्झाइम असण्यात फायदा आहे. एक एन्झाइम-रेणू कितीतरी कडी घडवू शकतो, त्यामुळे डीएनएच्या मोजक्या तुकड्यांचाही इशारा मोठा होतो. शिवाय कडे इतके लहान की पेशीपेशींना जोडणाऱ्या छिद्रांतून ते शेजारच्या पेशीत थेट जाते आणि अजून बाधा न झालेली पेशीही सावध होते.

आता तुमची विद्यार्थिनी कदाचित पुढचा प्रश्न विचारील. पेशी विभागताना केंद्रकाचे आवरण विरघळते आणि सगळी गुणसूत्रे पेशीद्रव्यात मोकळी होतात. मग प्रत्येक विभाजनाला इशारा का होत नाही? त्याहून गोंधळात टाकणारी गोष्ट नंतर उघड झाली. सुरुवातीला सीगॅस पेशीद्रव्यातच असते असे मानले होते, पण ते केंद्रकातही भरपूर असते, म्हणजे ऐन आपल्या डीएनएच्या कुशीत! याचे उत्तर २०२० मध्ये अनेक प्रयोगशाळांना जवळपास एकाच वेळी मिळाले. आपला डीएनए उघडा नसतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गाठोड्यांभोवती गुंडाळलेला असतो. या गाठोड्यावर एक विशिष्ट जागा आहे, सीगॅस तिथे घट्ट अडकून बसते आणि अडकलेले असताना त्याला कडे घडवता येत नाही. तेव्हा नुसती जागा बघतात हे माझे वरचे विधान थोडे पुरे करून घ्या : पेशी जागा बघते आणि डीएनए गुंडाळलेला आहे की उघडा, हेही बघते.

या पद्धतीत एक धोका आहेच. आपला स्वतःचा डीएनए नको तिथे उघडा पडला, तर इशारा खोटा असूनही खऱ्यासारखाच होतो. म्हणून पेशीद्रव्यात ट्रेक्स-१ नावाचे एक एन्झाइम भटके तुकडे सतत कुरतडून टाकत असते. हे एन्झाइम जन्मतः बिघडलेले असले तर काय होते, हे काही दुर्दैवी बाळांमध्ये दिसते. १९८४ मध्ये जाँ एकार्डी आणि फ्राँस्वाज गुटिएर या फ्रेंच डॉक्टरांनी एका दुर्मीळ आजाराचे वर्णन केले. अशा बाळांच्या मेंदूची हानी थेट गर्भातल्या विषाणूबाधेसारखी दिसते, इंटरफेरॉन वाढलेले असते, पण विषाणू काही केल्या सापडत नाही. २००६ मध्ये त्यांपैकी काही घराण्यांत ट्रेक्स-१ चे जनुक सदोष आढळले. सीगॅस सापडल्यावर उरलेला दुवा जुळला. ट्रेक्स-१ नसलेले उंदीर तीव्र दाहाने मरतात. त्यांतूनच सीगॅसही काढून टाकले, तर ते वाचतात. ल्युपस या स्वतःवरच उलटणाऱ्या आजाराच्या काही रुग्णांतही याच साखळीचा हात असल्याचे दिसते.

म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे सांगणाऱ्या जाहिराती पाहिल्या की मला काळजी वाटते. या साखळीत जास्त म्हणजे चांगले, असे काही नाही. स्टिंगच्या जनुकात असा दोष असला की ते कड्याशिवायच चालू राहते, तर तान्ह्या बाळाच्या त्वचेच्या आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांना गंभीर इजा होते. हा आजार २०१४ मध्ये नोंदला गेला. शरीराची सारी मेहनत इशारा वेळेवर देण्यात आणि वेळेवर थांबवण्यात आहे.

औषधांचे प्रयत्न त्यामुळे दोन्ही दिशांनी चालले आहेत. स्वतःवर उलटणाऱ्या आजारांसाठी सीगॅस अडवणारी औषधे शोधली जात आहेत आणि त्यांच्या माणसांवरच्या चाचण्या अगदी सुरुवातीच्या आहेत. कर्करोगात उलट स्टिंग चेतवून गाठीकडे प्रतिकारशक्तीचे लक्ष वेधायचा प्रयत्न आहे. त्यात एक धडा महागात शिकावा लागला. व्हॅडिमेझान नावाच्या औषधाने उंदरांच्या गाठी विरघळत होत्या, पण फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मोठ्या चाचणीत ते निरुपयोगी ठरले. कारण २०१३ मध्ये कळले : ते उंदराच्या स्टिंगला चिकटते, माणसाच्या स्टिंगला चिकटत नाही. ‘उंदरांवर यशस्वी प्रयोग’ अशी बातमी वाचताना हे मुलांना जरूर सांगावे.

सीगॅस सगळे विषाणू पकडते, असाही समज करून घेऊ नये. फ्लू, डेंग्यू, करोना यांच्यात डीएनए नसतो, आरएनए असतो. त्यासाठी वेगळे ग्राहक आहेत आणि त्यांचा निरोप तंतुकणिकांच्या पृष्ठभागावरच्या माव्ह्स या प्रथिनाकडे जातो. तेही चेन यांच्याच प्रयोगशाळेने २००५ मध्ये दाखवले होते. हेपटायटिस सी चा विषाणू हे माव्ह्स कात्रीने कापावे तसे कापून टाकतो, म्हणून तो यकृतात वर्षानुवर्षे दबा धरून राहू शकतो. देवीच्या घराण्यातल्या अनेक विषाणूंकडे सीगॅम्पचे कडे तोडणारे एन्झाइम आहे. ते २०१९ मध्ये सापडले. एचआयव्ही मुळात आरएनएचा, पण पेशीत शिरल्यावर तो स्वतःचा डीएनए घडवतो आणि त्या टप्प्यावर सीगॅसच्या तावडीत येऊ शकतो.

तुमच्या भाजी-भाकरीच्या शंकेचे उत्तर यातच आहे. मेथीच्या प्रत्येक पानात मेथीचा डीएनए असतो, आणि आपण तो रोज गिळतो. पण तो पोटात गेला, पेशीद्रव्यात नव्हे. लहान आतड्यात स्वादुपिंडाचे रस त्याचे बारीक तुकडे करतात, मग त्यांचे सुटे घटक होतात, आणि सुटे घटक शोषले गेले की ते मेथीचे की आपले हा भेद उरत नाही. पेशी त्यांतून स्वतःचेच रेणू बांधते.

फक्त माणसातच का, या शेवटच्या शंकेचे उत्तर मला सगळ्यांत विस्मयाचे वाटते. पटकीच्या जीवाणूत सीगॅसचा एक दूरचा नातेवाईक आहे. तो जवळपास तसेच कडे घडवतो, फक्त एका जोडाची जागा निराळी. २०१२ मध्ये, म्हणजे सीगॅसचा शोध छापून यायच्या थोडे आधी, त्याचे काम माहीत झाले होते, पण जीवाणूला तो कशाला लागतो हे कळत नव्हते. २०१९ मध्ये इस्रायलच्या रोटेम सोरेक यांच्या गटाने ते दाखवले. जीवाणूंनाही विषाणूंचा त्रास असतो. बाधा झाली की जीवाणूतले हे एन्झाइम कडे घडवते, कडे दुसऱ्या एका एन्झाइमला जागे करते, आणि ते जीवाणूचेच आवरण फोडून टाकते. विषाणूची पिल्ले तयार होण्याआधीच तो जीवाणू मरतो आणि भोवतालचे बाकीचे जीवाणू वाचतात. पुढे काही जीवाणूंत स्टिंगसारखी प्रथिनेही सापडली. म्हणजे ही सोय प्राणी जन्माला येण्याच्याही फार पूर्वीची असावी, आणि तिची सुरुवात विषाणूंशी झगडणाऱ्या जीवाणूंमध्ये झाली असावी.